प्रयोग करणाऱ्याला खोली कोण देणार?

१९६६ साली ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवर क्लाइव्ह पामर या बँजोवादकाने रात्रभर चालणारा एक फोक क्लब काढला. क्लब थोडेच दिवस टिकला. पण त्याच्या नावावरून एका बँडला 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' हे नाव पडलं, आणि सायकेडेलिक फोकचा, म्हणजे गुंगी आणणाऱ्या प्रयोगशील लोकसंगीताचा, इतिहास सांगणारा कुणीही या नावापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. त्यातला रॉबिन विल्यमसन पहिली तबकडी झाल्यावर मोरोक्कोला गेला, पैसे संपल्यावर परतला आणि येताना तिकडची वाद्यं घेऊन आला. १९६८ पर्यंत तो आणि माइक हेरन मिळून गिटार, बासरी, मोरोक्कन गिंब्री, सतार, हार्प्सिकॉर्ड आणि चक्क शहनाई असं सगळं एका तबकडीवर वाजवत होते. यातली बरीच वाद्यं त्यांना आपल्याकडच्या अर्थाने येत नव्हती. मिरजेच्या एखाद्या जाणकाराने ती सतार ऐकून कपाळाला हात लावला असता. तरी गाणं उभं राहिलं. लोकगीताची साधी चाल धरायची, तिच्याखाली एक सूर लांबवत न्यायचा आणि वर इतकी वाद्यं विणायची की ऐकणाऱ्याला वेळेचं भान राहू नये, एवढाच त्यांचा डाव होता.

मला यातली क्लबची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पामर आणि विल्यमसन त्याआधीही एकत्र वाजवायचे, त्यामुळे क्लबने त्यांना घडवलं असं म्हणता येणार नाही. पण अर्धवट, फसलेलं, उगाच लांबलेलं असं काहीही माणसांसमोर वाजवून बघण्याची सोय त्या क्लबात होती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या सीमेवरच्या पट्ट्यात ती सोय मला कुठे दिसत नाही. सभागृहं आहेत, मंडळं आहेत, वर्गणी आहे, रसिकही आहेत. पण चार-पाच वाद्यं एकट्याने वाजवणारा, लोकसंगीताची मोडतोड करून काही नवं ऐकवू पाहणारा एखादा तरुण उद्या दारात उभा राहिला, तर आपण त्याला पहिला प्रश्न विचारणार, "हे मराठी हाय का कानडी?" या प्रश्नामुळे आपण आपल्याच भागातलं सगळ्यात अस्सल संगीत वाया घालवतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

अस्सल का म्हणतो, ते सांगतो. मिरजेहून बेळगावकडे येणाऱ्या रेल्वेत बसा. जिथून निघालात त्या मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचा धंदा सोडून सतारी-तंबोरे घडवायला घेतलं, त्याला दीडशेच्यावर वर्षं झाली. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गाडी पुढे कुडची सोडते आणि चिंचलीला येते. माघातल्या मायाक्काच्या यात्रेला इथे दोन्ही राज्यांतून धनगर आणि कुरुब लोटतात. धनगरांची ओवी मराठीत, कुरुबांचं डोळ्ळू या ढोलावरचं पद कानडीत, देव मात्र दोघांचा बिरोबा. ढोल एकदा सुरू झाला की तासन्‌तास थांबत नाही, आणि त्याचा ठेका अंगात भिनला की आपण किती वेळ उभे आहोत हे कळेनासं होतं. पुढे रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, आणि बेळगाव जवळ आलं की सुळेभावी नावाचं एक लहान स्टेशन लागतं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, १९२४ साली जन्मले ते या गावात. लोहमार्गापासून बाजूला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा आहे, आणि तिच्या जोगत्यांच्या काखेत चौंडकं आहे.

चौंडक्याकडे जरा कान देऊन बघा. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्यातून निघालेली तार. वाद्य काखेत दाबायचं, एका हाताने तार ताणायची आणि सैल सोडायची, दुसऱ्या हातातल्या तुकड्याने छेडायची. सूर स्थिर राहत नाही. तो वर चढतो, घसरतो, माणसासारखा कण्हतो. ताल आणि सूर एकाच तारेतून येतात. हा परिणाम साधण्यासाठी परदेशातले प्रयोगवाले वादक पायाशी आवाज बदलणारी पाच-सहा पेडल घेऊन बसतात. आपल्याकडे तो पौर्णिमेच्या गर्दीत सहज कानावर पडतो आणि आपण गाडीची काच वर करतो.

म्हणजे माल आपल्याकडे भरपूर आहे. वादकही आहेत. बेळगावच्या कॅम्पात चर्चमुळे गिटार आणि गायनवृंद पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भजनी मंडळं आहेत, आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वार्षिक महोत्सवात रॉक वाजवणाऱ्या पोरांची कधीच वानवा नसते. पण हे तीन गट एका खोलीत बसलेले मी पाहिलेले नाहीत. शास्त्रीय शिकणारा मुलगा प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देत राहतो आणि त्या वाटेवर चौंडकं कुठेच लागत नाही. भजनातला पखवाजवाला गिटारवाल्याला ओळखत नाही. गिटारवाला परक्या बँडची गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या घेतो.

आता भाषेच्या मुद्द्यावर येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी सहज शहाणपण शिकवू नये. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, ८६५ गावांवरचा दावा, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला खटला, दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची परवानगी मिळेल का याची धाकधूक, पाट्यांचे वाद. इतक्या वर्षांच्या दाबाखाली राहिलेला समाज आधी भाषा वाचवू, बाकीचं नंतर बघू असं म्हणतो, तेव्हा त्याला चूक ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी स्वतःच्या खिशातून मराठी साहित्य संमेलनं भरवली, टिकवली. पुण्या-मुंबईतल्या किती गावांना हे जमलं असतं, हा वेगळा प्रश्न.

तरीही मला वाटतं, संगीताच्या बाबतीत ही सावधगिरी आपलंच नुकसान करते. मराठी रंगभूमीचंच उदाहरण घ्या. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करायला विष्णुदास भाव्यांना सांगितलं, तिथून १८४३ मध्ये मराठी नाटकाची सुरुवात धरली जाते. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी आपल्या पदांसाठी कानडी चाली मोकळ्या हाताने उचलल्या आणि १८८० मध्ये पुण्याच्या रसिकांनी त्या डोक्यावर घेतल्या. आज आपण ज्याला मराठी मनाचा मानबिंदू वगैरे म्हणतो ते नाट्यसंगीत सीमेवरच्या एका माणसाच्या उसनवारीतून आलं. त्या उसनवारीने मराठी बुडाली नाही. उलट सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडचं ऐकू येतं, हेच तर त्याचं भांडवल असतं.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे सगळेच देतात, मीही देतो, पण थोडं जपून. आपण त्यांना इथून घालवलं असं म्हणणं खोटं ठरेल. देवधरांचं संगीत विद्यालय मुंबईत होतं म्हणून ते लहानपणीच मुंबईला गेले, आणि क्षयामुळे कोरडी हवा हवी म्हणून १९४८ मध्ये देवासला. पाच-एक वर्षं गाणं बंद, अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत राहिली, आणि त्या लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. शास्त्रीय गायकांनी त्यावर नाकं मुरडली ती मुरडलीच. प्रयोगशील लोकसंगीत म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण आपल्या देशात मला माहीत नाही, आणि ते करणारा माणूस सुळेभावीचा आहे. बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तिथे स्नेहसंमेलनं होतात, नृत्याचे कार्यक्रम होतात, सरकारी सत्कार होतात. लोकधुनेची नव्याने मांडणी करणाऱ्यासाठी त्या वास्तूत वर्षातून एक संध्याकाळ राखून ठेवा, ही मागणी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. नाव दिलं की आपलं कर्तव्य संपतं.

सरकारं काय करतील? महाराष्ट्राच्या कलाविषयक योजना मुळात महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आखलेल्या. सीमाभागासाठी अधूनमधून काही जाहीर होतं, पण ते आरोग्य आणि शिक्षणाच्या अंगाने. कर्नाटकात लोककलांसाठी स्वतंत्र जनपद अकादमी आहे आणि तिचं कौतुक केलं पाहिजे. २०१९ मध्ये तिच्या अध्यक्षपदी मंजम्मा जोगती बसल्या, एक पारलिंगी जोगती, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्या किती सांस्कृतिक संस्थांनी असं धाडस केलं असतं? पण कोणतीही अकादमी परंपरा जशी आहे तशी जपायला निघालेली असते. तिला चौंडकं चौंडक्यासारखं वाजलेलं हवं असतं. ते गिटारच्या शेजारी, संगणकावर उलटं फिरवून, तिप्पट संथ करून ऐकवणारा माणूस तिच्याही रकान्यात बसत नाही. म्हणून मी सरकारांच्या नादी लागत नाही.

खरी प्रतिभा असेल तर ती वर येतेच, असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. हे वाक्य आरामखुर्चीतलं आहे. वाष्टी बनियन ही इंग्लंडमधली गायिका घोडागाडीने स्कॉटलंडपर्यंत गेली, वाटेत गाणी रचली, १९७० मध्ये तिचा अल्बम आला. तो खपला नाही. ती तीस वर्षं संगीतापासून दूर राहिली. २००० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा नव्या पिढीने तिला देव्हाऱ्यात बसवलं आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. गोष्ट गोड वाटते. मला त्यातली तीस वर्षं दिसतात, ज्यांत काय झालं असतं ते कधीच कळणार नाही. रॉबी बाशो हा अमेरिकन, बारा तारांची गिटार घेऊन कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिकला आणि गिटारवर आलापी आणू पाहत राहिला. १९८६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला ओळखणारे मोजकेच होते. सँडी बुल हा आणखी एक अमेरिकन गिटार, बँजो आणि ऊद हे अरबी तंतुवाद्य स्वतःच वाजवायचा. जोडीला माणसं परवडत नसत की त्याला नकोच असत कोण जाणे, पण तो आपणच टेपवर वाजवून ठेवलेल्या साथीवर मंचावर वाजवायचा. साठच्या दशकात! आज हेच काम वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या लूपच्या यंत्रावर बेळगावजवळच्या शिनोळीचा पोरगाही करू शकतो. यंत्र स्वस्त झालं, पोट भरण्याचा प्रश्न तसाच राहिला.

इंटरनेटने तो सोडवला असं वाटत असेल तर तेही तपासून घ्या. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा की वर्षभरात एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा मोबदला निघतच नाही. बारा मिनिटं चालणाऱ्या, शब्द नसलेल्या, चौंडक्यावर बेतलेल्या रचनेला सुरुवातीची दोन-तीन वर्षं हजार कान कुठून मिळणार? टोकियोच्या 'किकागाकु मोयो' या बँडने यावर आपल्यापुरतं उत्तर काढलं. २०१२ मध्ये रस्त्यावर वाजवत सुरुवात केली, त्यांच्यातला एक जण भारतात येऊन सतार शिकून गेला, आणि त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून आपल्यासारख्याच इतरांचंही संगीत विकलं. दहा वर्षं जग फिरले आणि २०२२ मध्ये थांबले. पण टोकियोत रस्त्यावर वाजवणाऱ्याला निदान लहान क्लबांची साखळी मिळते. बेळगावच्या खडेबाजारात सतार घेऊन बसलात तर पोलीस येतील, नाहीतर कुणीतरी दहाची नोट टाकून जाईल.

इथे मला एक अडचणीचा मुद्दाही घ्यायचा आहे, कारण तो टाळून चौंडक्याचं गुणगान करणं मला पटत नाही. यल्लम्माच्या परंपरेत मुली देवाला सोडल्या गेल्या, त्यांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली, आणि १९८२ मध्ये कर्नाटकाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या वाद्याच्या सुरात हे सगळं आहे. शहरातला एखादा हौशी मुलगा यात्रेत जाऊन जोगतिणीचं गाणं फोनवर टिपतो, घरी येऊन त्यावर गूढ धूसर आवाज चढवतो आणि आपल्या नावाने प्रसिद्ध करतो, हे मला मान्य नाही. पारंपरिक चालीवर कुणाचीच मालकी नसते, ध्वनिमुद्रण मात्र ते करणाऱ्याचं ठरतं. गाणाऱ्या बाईला कलाकार म्हणून कायद्याने हक्क आहेत, पण ते तिला यात्रेच्या गर्दीत कोण सांगणार? तेव्हा प्रयोग करणाऱ्यांवर ही अट हवीच: तिचं नाव, तिची परवानगी, आणि ठरलेले पैसे आधी. शक्य तर ती स्वतः मंचावर, पाठीमागे नव्हे तर शेजारी. असं झालं तर या संगीतातला सामाजिक खोटेपणा बराच कमी होईल. आणि खरं सांगायचं तर संगीतही सुधारेल, कारण चौंडक्याची तार कधी सैल सोडायची हे तिला कळतं, सॉफ्टवेअरला नाही.

मग पैसा आणि जागा कुणी द्यायची? माझं उत्तर कुणाला आवडणार नाही: आपल्या गणेशोत्सव आणि शिवजयंती मंडळांनी. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन यांचा मलाही अभिमान आहे. पण अलीकडे वर्गणीतला केवढा वाटा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जातो, हे प्रत्येक खजिनदाराला ठाऊक आहे. त्या भिंतीतून वाजतं काय? मुंबईत किंवा हैदराबादेत बनलेलं, कुणाचंही, कुठलंही. ज्या मंडळाला गाणं मराठीच हवं असतं त्याच मंडळाच्या ट्रॉलीवर तेलुगू गाण्याचा ठेका दणदणतो आणि कुणाची अस्मिता दुखावत नाही. चिंचलीचा ढोल मात्र परका ठरतो, कारण तो वाजवणारा घरात कानडी बोलतो. ही विसंगती बोलून दाखवली की लोक हसतात आणि विषय बदलतात.

वाचनालयांच्या व्याख्यानमाला आहेत, तिथेही एक पुष्प व्याख्यानाऐवजी वादनाचं ठेवता येईल. श्रोते उठून जातील, ही भीती मला कार्यकर्त्यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. जाऊ देत की. अमेरिकेतल्या वूडस्टॉक महोत्सवात १९६९ साली 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड'ने शुक्रवारी पावसात वाजवायला नकार दिला, शनिवारी वाजवलं, आणि त्या अफाट गर्दीत त्यांचा काही प्रभाव पडला नाही. हे संगीत मोठ्या मैदानाचं नाहीच. त्याला पन्नास माणसं पुरतात, पण ती दर महिन्याला यायला हवीत आणि वादकाचं मागच्या वेळी काय फसलं होतं हे त्यांना आठवायला हवं. कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या आज्यांना ही सवय होती. विल्यमसन पुढे हार्प घेऊन कथा सांगत फिरू लागला, ते एका अर्थी कीर्तनच, आणि त्यावर त्याने काही दशकं काढली. म्हणजे अशा वादकाची कारकीर्द चालू शकते. फक्त तिला लहान, नेहमीचा, चिकटून राहणारा श्रोतृवर्ग लागतो.

सुरुवात संमेलनांपासून करता येईल. हिवाळ्यात सीमाभागातली ही संमेलनं ओळीने होतात, मांडव असतो, माईक असतो, सकाळपासून आलेली माणसं असतात. उद्घाटन, परिसंवाद, जेवण, कथाकथन, कविसंमेलन हा क्रम तसाच ठेवा, फक्त जेवणानंतरची चाळीस मिनिटं एका वादकाला द्या. त्याने एकही शब्द उच्चारला नाही तरी चालेल. शेजारच्या गावचा कुरुब ढोलवाला त्याच्या साथीला आला तर त्याचं नाव पत्रिकेत मराठीत छापा, त्याच आकाराच्या अक्षरात. शाल-नारळ एक वेळ विसरलात तरी हरकत नाही, मानधनाचा आकडा मात्र आधी कळवा आणि रक्कम त्याच संध्याकाळी हातात द्या. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या पोराचे पैसेही त्यातच वेगळे धरा, कारण पाच वाद्यं एकट्याने वाजवणाऱ्याचा अर्धा खेळ त्या पोराच्या हातात असतो, आणि त्याला ढोल नि चौंडकं कसं उचलायचं हे आदल्या दिवशी समजून घ्यायला वेळ लागतो.